मंजूर ईटीए, पण नंबर दुसराच: कोल्हापूर ते मसाई मारा, एक प्रकरण

२५ जुलैची सकाळ. राजारामपुरीतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर पाच पासपोर्ट, यलो फीवरची पाच पिवळी कार्डं आणि केनियाच्या ईटीएचे, म्हणजे प्रवासाच्या ऑनलाइन परवानगीचे, पाच प्रिंटआउट ओळीनं मांडलेले. आदल्या दिवशी पुण्याला जाऊन सगळे लस टोचून आले होते. सुनेनं सहज म्हणून कार्डावरचा पासपोर्ट नंबर प्रिंटआउटशी लावून बघितला आणि सासूबाईंच्या कागदावर तिचं बोट थांबलं. कार्डावर शेवटी ‘६७’, ईटीएवर ‘७६’. मग तिनं पाचही कागद लावून बघितले. मुलीच्या ईटीएवर तर सगळा नंबरच वेगळा निघाला, कारण तो जूनमध्ये रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टचा होता. विमान ९ ऑगस्टचं. आणि दोन्ही कागदांवर मे महिन्यापासून ठळक अक्षरांत ‘अ‍ॅप्रूव्ह्ड’ लिहिलेलं.

हे घर कुणा एकाचं नाही. असे अर्ज भरताना ज्या चुका पुन्हापुन्हा होतात, त्या इथं एका कुटुंबावर बसवून दाखवल्या आहेत. माणसं पाच: ७१ वर्षांची आजी, उसाची शेती बघून शाहूपुरीत दुकान चालवणारा मुलगा, सून, ११ वर्षांची नात आणि इचलकरंजीला दिलेली आत्या. बेत दहा दिवसांचा, नैरोबी आणि मसाई माराचं अभयारण्य.

व्हिसा गेला, मग अर्ज कसला?

केनियानं जानेवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांसाठी व्हिसाच काढून टाकला. ही बातमी आपल्याकडं ‘केनियाला आता व्हिसा लागत नाही’ एवढीच पोचली, आणि ती खोटीही नाही. तिचा उरलेला अर्धा भाग असा, की व्हिसाच्या जागी ईटीए आली. ईटीए म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी. ती हातात नसेल तर नैरोबीत अडवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मुंबईतच बोर्डिंग पास मिळत नाही. परत पाठवलेल्या प्रवाशाला माघारी आणायचं ओझं विमान कंपनीवर पडतं, त्यामुळं काउंटरवरचा माणूस इमिग्रेशन अधिकाऱ्यापेक्षाही काटेकोर असतो.

ही पद्धत केनियाची एकट्याची नव्हे. लंडनला स्थायिक होऊन ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला भाचा अमेरिकेला जाताना एस्टा ही तिथली ऑनलाइन परवानगी काढतो, कॅनडाला जाताना तिथली ७ कॅनेडियन डॉलरची ईटीए काढतो. आपल्या भारतीय पासपोर्टला ही सवलत नाही, आपल्याला त्या दोन्ही देशांचा रीतसर व्हिसा लागतो. त्यामुळं ‘भाच्यानं पंधरा मिनिटांत केलं’ हे ऐकून त्याच साइटवर अर्ज भरू नये. पण त्या दोन्ही परवानग्यांच्या नियमातलं एक कलम इथं कामाचं आहे. एस्टा २ वर्षं चालते आणि कॅनडाची ईटीए ५ वर्षं, पण पासपोर्टची मुदत आधी संपली तर परवानगीही त्याच दिवशी संपते. असं का, हेच या प्रकरणाचं मूळ. परवानगी माणसाला मिळत नाही, ती पासपोर्टच्या नंबराला मिळते.

केनियाच्या ईटीएचा हिशेब साधा आहे. माणशी ३० डॉलर, वर कार्ड व्यवहाराचे थोडे पैसे. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र ईटीए लागते, आईच्या कागदावर मूल चालत नाही. प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि मंजुरीला कामाचे तीन दिवस धरायचे. पासपोर्ट तिथं पोचल्यापासून पुढं किमान ६ महिने चालणारा हवा आणि त्यात कोरं पान हवं. मंजूर ईटीए ९० दिवस चालते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आणि ईटीए असली तरी आत घ्यायचं की नाही हे शेवटी नैरोबीच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो.

मे महिना: पहिली साइट

मुलानं २५ मेच्या रात्री मोबाइलवर ‘केनिया ईटीए’ शोधलं आणि सगळ्यात वर आलेली साइट उघडली. वर केनियाचा झेंडा, खाली सिंहाचा फोटो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आम्ही सरकारी संस्था नाही’. शोधात सगळ्यात वर येणारं बहुतेक वेळा जाहिरात असते, ‘स्पॉन्सर्ड’ असं बारीक लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. या साइटनं माणशी ७५ डॉलर घेतले. पाच जणांचे ३७५. अधिकृत दर १५०.

अधिकृत साइटचा पत्ता ‘ईटीएकेनिया’ आणि पुढं ‘डॉट गो डॉट केई’ असा संपतो. ‘गो डॉट केई’ हे शेपूट केनिया सरकारच्या साइटना असतं. ‘केनिया’, ‘ईटीए’, ‘ऑफिशियल’ हे शब्द पत्त्यात कुणीही घालू शकतो. पत्त्याचं शेपूट तेवढं बघायचं, झेंडा नाही.

अशा साइटला सरसकट फसवणूक म्हणता येत नाही, आणि तिथंच खरी अडचण आहे. पैसे घेऊन ती तुमचाच अर्ज अधिकृत साइटवर भरते आणि ईटीए आणून देते. सेवा शुल्काचा उल्लेखही कुठंतरी केलेला असतो. मग बँकेकडं तक्रार करून पैसे परत मिळणं कठीण, कारण सेवा तर दिलेली आहे. ईटीए आलीच नाही किंवा बनावट निघाली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवायचं. इथं २२५ डॉलर जादा गेले, ते गेलेच. पण पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरं झालं. मधला माणूस आला की मजकूर दोनदा उतरवला जातो, आणि प्रत्येक उतरवणीत एक चूक शिरायला जागा मिळते.

इथं नेमकं तेच घडलं. मुलानं पासपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, बारीक अक्षरं फुटतात. आजींच्या पासपोर्टच्या पानावर ट्यूबलाइटचा चट्टा पडलेला, आणि खालच्या दोन ओळी फोटोच्या कडेला अर्ध्या कापलेल्या. पलीकडच्या ऑपरेटरनं जे दिसलं ते हातानं टाइप केलं आणि ‘६७’ चं ‘७६’ झालं. चार दिवसांनी, २९ मेला, पाचही मंजुऱ्या ईमेलवर आल्या. घरात एकच वाक्य झालं, ‘आलं की अ‍ॅप्रूव्ह्ड, आता काय राहिलं?’

चुकलेला नंबर मंजूर कसा होतो

केनियाच्या यंत्रणेला आजींच्या पासपोर्टचा खरा नंबर ठाऊक असायचं कारण नाही. भारतातल्या पासपोर्टची यादी त्यांच्याकडं नसते. त्यांना दिसतो एक अर्ज: नाव, जन्मतारीख, एक नंबर, मुक्कामाचा पत्ता, पैसे भरल्याची नोंद. नंबर दिसायला ठीक असला आणि बाकी आक्षेप नसला की मंजुरी येते. मंजुरीचा अर्थ ‘या माणसाबद्दल आमची हरकत नाही’ एवढाच. तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे अशी पावती ती नसते.

गंमत म्हणजे ही चूक पकडायची सोय पासपोर्टवरच छापलेली आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. दुसऱ्या ओळीच्या पहिल्या ९ जागा पासपोर्ट नंबरच्या. आपल्या नेहमीच्या पासपोर्टचा नंबर बहुतेकदा एक अक्षर आणि ७ आकडे असा ८ जागांचा असतो, म्हणून नवव्या जागी एक बाण येतो. दहाव्या जागी तपासणीचा आकडा. तो कसा निघतो, ते एका काल्पनिक नंबरावर बघू: झेड १२३४५६७.

अक्षरांना किंमत आहे: एला १०, बीला ११, असं करत झेडला ३५. बाणाला शून्य. मग डावीकडून एकेका जागेला ७, ३, १, ७, ३, १ असं फिरतं गुणायचं. झेडचे ३५ गुणिले ७ म्हणजे २४५. एकाचे ३, दोनाचे २, तिनाचे २१, चाराचे १२, पाचाचे ५, सहाचे ४२, साताचे २१. बेरीज ३५१. शेवटचा आकडा १, तोच तपासणीचा आकडा. आता शेवटचे दोन आकडे उलटे करा, झेड १२३४५७६. साताचे ४९ आणि सहाचे १८ झाले, बेरीज ३५५, तपासणीचा आकडा ५. पासपोर्टवर १ छापलेला असताना हिशेब ५ आला की यंत्राला लगेच कळतं, वाचण्यात काहीतरी चुकलंय.

म्हणून पासपोर्टच्या पानाचा नीट फोटो घेऊन यंत्राला त्या दोन ओळी वाचू देणं, हा अर्ज भरण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग. हातानं टाइप केलं की हा तपासणीचा आकडा बाजूला पडतो, कारण अर्जात तो कुणी विचारतच नाही. आणि काही मंडळी ते बाणही नंबरात टाइप करतात. ते फक्त रिकामी जागा भरायला असतात.

नातीचा पासपोर्ट

दुसरी चूक टाइप करण्याची नव्हती, समजुतीची होती. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षांचा, म्हणून नातीचाही तसाच असणार असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो. तिचा २० जानेवारीला संपत होता. ९ ऑगस्टपासून मोजले तर ५ महिने ११ दिवस. सहा महिन्यांना थोडे दिवस कमी.

हे लक्षात आलं जूनच्या सुरुवातीला, म्हणजे ईटीए येऊन गेल्यावर. पुढची कामं त्यांनी ठाकठीक केली. पासपोर्ट सेवा पोर्टलवर ‘रीइश्यू’चा अर्ज, १,००० रुपये फी, कोल्हापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ, आईवडील दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी हे घोषणापत्र, जुना पासपोर्ट सोबत. नवा पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी आला. जुन्याचा कोपरा कापून ‘कॅन्सल्ड’ शिक्का मारून तो केंद्रावरच परत दिलेला.

पण नव्या पासपोर्टचा नंबर नवा असतो. आपल्याकडं नूतनीकरण म्हटलं की डोळ्यासमोर येतं ड्रायव्हिंग लायसन्स. तारीख वाढते, नंबर तोच राहतो. आधारवर पत्ता बदलला तरी आधार क्रमांक तोच. पॅन हरवून दुसरं कार्ड आलं तरी पॅन तोच. जन्मभर ही सवय लागलेल्या माणसाला पासपोर्टही ‘रिन्यू केला’ असंच वाटतं. खरं तर तो रिन्यू होत नाही, जुना रद्द होऊन दुसरा दिला जातो. नातीची मे महिन्यातली ईटीए त्या कोपरा कापलेल्या पुस्तिकेला चिकटलेली होती आणि ती नव्याकडं सरकवता येत नाही. नवा अर्ज, नवे ३० डॉलर.

क्रम साधा होता: सगळ्यांच्या मुदती आधी बघायच्या, पासपोर्ट आधी बदलायचा, ईटीए सगळ्यात शेवटी. तिकिटं काढायच्या रात्रीच पाच पासपोर्टांच्या पाच तारखा वहीत लिहिल्या असत्या तर हे टळलं असतं.

आत्याबाईंचं प्रकरण त्या मानानं लहान. त्यांचा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. तिकीट काढताना भावानं सवयीनं सासरचं नाव घातलं. एजंटाकडून तिकिटावरचं नाव दुरुस्त करून घेतलं, फी पडली, काम झालं. प्रवासात पासपोर्टवर छापलेलं नाव तेच खरं, लग्नपत्रिका काहीही म्हणो. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, अर्जात तो रकाना जसाच्या तसा उतरवायचा. मधलं नाव गाळायचं नाही आणि वेगळ्या रकान्यातही नेऊन टाकायचं नाही.

पिवळं कार्ड: नियम केनियाचा नाही, आपला

यलो फीवरच्या लशीचं या कुटुंबाला जुलैच्या मध्यापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. तिकीटवाल्यानं नाही, नैरोबीच्या सफारीवाल्यानं नाही, आणि ईटीएच्या अर्जातूनही ते कळत नाही. कारण थेट भारतातून येणाऱ्याला केनिया ते कार्ड मागत नाही. तो ते मागतो यलो फीवरचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्याकडं. कार्ड मागतो आपला देश, परत येताना. हा रोग पसरवणारा डास आपल्याकडं मुबलक आहे, रोग मात्र नाही. तो आत येऊ नये म्हणून केनियासह आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या ठराविक देशांतून येणाऱ्याला कार्ड दाखवावं लागतं. नसलं तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाईन. म्हणजे मारा बघून आनंदात परतायचं आणि मुंबईत उतरून विमानतळाच्या क्वारंटाईन केंद्रात बसायचं.

लस टोचल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. २४ जुलैला टोचली, ३ ऑगस्टपासून लागू. १९ ऑगस्टच्या परतीला काही अडचण नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते. दर दहा वर्षांनी परत टोचायचा जुना नियम जुलै २०१६ पासून गेला, तरी काही जण अजून तोच सांगतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रावरच घ्यायची, कारण कामाचं आहे ते त्या केंद्राचा शिक्का असलेलं कार्ड. केंद्रावर वेळ आधी घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो.

आजींसाठी मात्र घाई करून चालत नव्हतं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यात गंभीर दुष्परिणामाचा धोका जास्त असतो. अंड्याची जबर अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं (संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारे आपल्याकडं बरेच आहेत) यांत लस टाळतात. आजींना ब्लडप्रेशरची गोळी होती, तेवढ्यानं लस अडत नाही. त्यांची फाइल वर्षानुवर्षं बघणाऱ्या डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं, तेव्हाच त्या पुण्याच्या गाडीत बसल्या. डॉक्टर नको म्हणाले असते तर मग खरा प्रश्न होता, कारण सूट दिल्याचं पत्र खिशात असलं की क्वारंटाईन टळतंच असं धरून चालू नये. अशा वेळी आजींनी जायचं की नाही हे तिकिटाआधी ठरायला हवं होतं. कागदांच्या यादीत लस शेवटी येते, पण साठीपुढचं माणूस बरोबर असेल तर ती पहिली धरायची.

आणि त्या केंद्रातल्या कारकुनानंच नकळत घर वाचवलं. त्यानं मूळ पासपोर्ट उघडून त्यावरून नंबर कार्डावर उतरवला. त्यामुळं पहिल्यांदाच खऱ्या नंबराचा दुसरा कागद घरात आला, ज्याच्याशी ईटीए लावून बघता आली.

दुरुस्ती

‘माझं आन् पोरीचं तेवढंच चुकलं व्हय?’ आजींनी विचारलं. तेवढंच.

मुलाचा पहिला विचार होता त्याच मधल्या साइटला मेल टाकून नंबर दुरुस्त करून घ्यायचा. मंजूर झालेल्या ईटीएवर नंबर खोडून बदलत बसण्यात पंधरा दिवसांतले दहा जाऊ शकतात आणि उत्तर ‘नवा अर्ज करा’ असंच येऊ शकतं. दोघींचे नवे अर्ज सरळ अधिकृत साइटवर करायचे, हा सुनेचा निर्णय बरोबर होता. ६० डॉलर गेले.

२६ जुलैला तिनं अर्ज भरला तो असा. पासपोर्टचं पान खिडकीच्या उजेडात सपाट ठेवलं, फ्लॅश बंद, चारी कोपरे चौकटीत, तळाच्या दोन ओळी पूर्ण. फोन उलटासुलटा करून लॅमिनेशनची चमक जाईपर्यंत चार फोटो काढले. फोटो लॅपटॉपवर घेतले ते केबलनं. व्हॉट्सअ‍ॅपनंच पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे, मग ते दाबले जात नाहीत. चेहऱ्याचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर, चष्मा काढून. आजींच्या डोक्यावरचा पदर मागं सरकवून.

मग रकाने. राष्ट्रीयत्व, व्यवसाय, संपर्क. फोन नंबर +९१ लावून, पुढचा शून्य काढून. येण्याची तारीख, विमानाचा नंबर, उतरायचं ठिकाण, परतीची तारीख. तारखेत दोनदा थांबायचं. एक तर दिवस आधी की महिना आधी ते बघायचं, कारण ९ ऑगस्टचं ८ सप्टेंबर व्हायला वेळ लागत नाही. दुसरं, मुंबईहून पहाटे सुटणाऱ्या विमानाची तारीख आणि कोल्हापूरहून निघायची तारीख यात फरक असतो. ९ तारखेच्या पहाटेचं विमान म्हणजे ८ तारखेला सकाळीच घर सोडायचं. ९ तारखेच्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसणारेही झालेले आहेत.

मुक्कामाचा पुरावा म्हणून हॉटेलचं बुकिंग जोडायचं. सफारीवाल्यानं पाच जणांचं एकच व्हाउचर मुलाच्या नावानं दिलेलं होतं. तिनं पाचही नावं, पासपोर्टवर आहेत तशी, घातलेलं नवं व्हाउचर मागवून घेतलं. बाईमाणूस आणि मूल यांच्या अर्जाला तिसऱ्याच नावाचं बुकिंग जोडलं की प्रश्न निघू शकतात. पुढं गुन्हा, पूर्वी नाकारलेला प्रवेश आणि ठराविक रकमेवरची रोकड यांविषयीचे प्रश्न. त्यांना घाईनं ‘हो’ पडलं तर उगीच चौकशी मागं लागते.

पैसे भरताना पहिल्यांदा डेबिट कार्ड नाकारलं गेलं. ते फक्त देशात चालणारं रुपे कार्ड होतं. मग ‘व्हिसा’ कंपनीचं क्रेडिट कार्ड घातलं, तेही नाकारलं. कारण साधं होतं: २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे. सुरू केले, मर्यादा वाढवली, पैसे गेले. अशा नकारानंतर लगेच पुन्हा बटण दाबू नये. आधी बँकेचा एसएमएस बघावा, नाहीतर एका अर्जाचे दोनदा पैसे जातात.

‘भरा’ म्हणायच्या आधी तिनं आत्याबाईंना फोन लावला. ‘वन्सं, मी नंबर वाचते, तुम्ही पासपोर्टच्या फोटोत बघून उलट्या बाजूनं मला सांगा.’ उलटं वाचलं की डोळा ओळखीच्या आकड्यावरून घसरत नाही, एकेक आकडा सुटा दिसतो. एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, ते सुद्धा मूळ कागदावरून. अर्ज भरणाऱ्यालाच स्वतःची चूक दिसत नाही, दहादा वाचली तरी.

त्या दिवशी शनिवार होता, त्यात केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं. कामाचे तीन दिवस मोजायला सोमवारपासून सुरुवात. ३० जुलैच्या संध्याकाळी दोन्ही मंजुऱ्या आल्या. या वेळी ‘अ‍ॅप्रूव्ह्ड’ शब्दाकडं कुणी बघितलं नाही, नंबर आधी बघितला.

एकूण खर्च: मधल्या साइटला ३७५, नंतरचे ६०, मिळून ४३५ डॉलर. व्हायला हवा होता १५०. मनाला लावून घेण्याएवढी मोठी रक्कम ही नाही, कारण माराच्या फाटकावर जुलै ते डिसेंबर या हंगामात परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर पडतात. (ते ईटीएत धरलेले नसतात, सफारीच्या दरात आहेत का, हे लेखी विचारून घ्यावं.) पण चूक ८ ऑगस्टच्या रात्री मुंबईत कळली असती, तर दोघींसह किमान एक मोठं माणूस मागं राहिलं असतं आणि नवी तिकिटं काढावी लागली असती.

सामानातली एक गोष्ट जाता जाता. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि ती नावापुरती नाही. भडंग आणि कांदा-लसूण चटणी कॅरीबॅगेत गुंडाळून न्यायची सवय असेल तर डबे आणि कापडी पिशव्या काढाव्यात.

मुंबईच्या काउंटरवर मुलानं मोबाइल पुढं केला आणि उघडली ती नेमकी नातीची मे महिन्यातली पीडीएफ. एकाच फोल्डरमध्ये दोन्ही पडलेल्या, नावं जवळपास सारखी. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली आणि मान हलवली. सुनेच्या पर्समधून कागदावरचा नवा प्रिंटआउट निघाला, प्रत्येक पासपोर्टमध्ये ज्याचा त्याचा घडी करून ठेवलेला. रद्द झालेली पीडीएफ फोनमध्ये ठेवायचीच नसते.

१९ ऑगस्टला परतल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाच्या टेबलावर पिवळी कार्डं दाखवावी लागली. तारीख बघितली, नंबर पासपोर्टशी ताडला, पुढं सोडलं. नातीचा नवा पासपोर्टही पाच वर्षांचाच आहे, ती सोळा वर्षांची होईल तेव्हा संपेल आणि परत नंबर बदलेल. पिवळं कार्ड मात्र जन्मभराचं, आणि त्यावर हाच नंबर राहणार. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुना नंबर, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं, त्यामुळं दुवा लावून दाखवता येतो. तरी कोपरा कापलेला जुना पासपोर्ट रद्दीत न टाकता त्या कार्डाबरोबरच ठेवायचा.